फुटलं की मोडलं?

मीरा रोडला घरं फार हलतात. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, त्यामुळे मुलांच्या परीक्षा संपल्या की शांतीनगरच्या, नयानगरच्या गल्ल्यांत टेम्पो लागायला सुरुवात होते. गाद्या गुंडाळलेल्या, फ्रीज दोरखंडानं आवळलेला आणि टेम्पोच्या तोंडाशी पुठ्ठ्याचे खोके. त्यातल्या एखाद्यावर लाल पट्टी चिकटवलेली असते, ‘फ्रॅजाइल’. शेजारी बारीक दांड्याच्या पेल्याचं चित्र. जगभरच्या गोदामांत हेच चित्र चालतं. आपला हमाल मात्र ना पट्टी वाचतो ना चित्र बघतो. तो खोका किंचित हलवतो, आत काय वाजतंय ते ऐकतो आणि वरच्याला हाक देतो, “काच है, काच! संभाल के!”

मला या हाकेचं फार कौतुक वाटतं. पट्टी एवढंच सांगते, की आतला माल लवकर फुटणारा आहे. हमाल सांगतो, आत काय आहे. ते एकदा कळलं की ते कसं फुटेल, कुठून धरायचं आणि कशावर ठेवायचं नाही, हे त्याच्या हातांना आपोआप समजतं.

इंग्रजी बोलणाऱ्यांनी लवकर मोडणाऱ्या गोष्टींची आधीच वर्गवारी करून ठेवली आहे. चिनी मातीचा कप त्यांना ‘डेलिकेट’ वाटतो. म्हातारपणानं वाळलेलं शरीर ‘फ्रेल’. हाडं, सुकलेली पानं आणि ओढूनताणून आणलेलं हसू ‘ब्रिटल’. हात लावताच फाटेल असं कापड आणि कुणालाच पटणार नाही अशी सबब, दोन्ही ‘फ्लिम्झी’. या सगळ्यांच्या वर ‘फ्रॅजाइल’. तो काचसामानालाही चालतो आणि शस्त्रसंधीलाही. यातली फ्रॅजाइल आणि फ्रेल ही सख्खी भावंडं, एकाच लॅटिन शब्दाची. फ्रेल हा फ्रेंचांच्या तोंडात झिजून इंग्रजीत आला आणि माणसांच्या वाट्याला गेला. फ्रॅजाइल पुस्तकातून सरळ उचलला गेला आणि मालाच्या खोक्यावर जाऊन बसला. ब्रिटल मात्र अस्सल गावरान, जुन्या इंग्रजीतला. पण या सगळ्यांचं काम एकच, घटना घडण्याआधी बजावून ठेवणं.

मराठीत अशी विशेषणं नाहीत असं नाही. हाडं ठिसूळ असतात, तब्येत नाजूक असते, बाजारातली खुर्ची तकलादू निघते. दिसायला सुरेख पण हाताळायला कुचकामी अशा वस्तूला किंवा माणसाला आपण कचकड्याची बाहुली म्हणून मोकळे होतो. पण मराठीचा खरा खजिना उघडतो तो वस्तू हातातून पडल्यावर. काच फुटते, काठी मोडते, दोरी तुटते, कापड फाटतं, शिवण उसवते, जुनं लुगडं विरतं. बांबू पिचतो, भिंत तडकते, टाच उलते, रस्ता खचतो, बांध ढासळतो. कपाचा टवका उडतो. तब्येत नुसती बिघडते, पण उमेद खचते. बोलणी फिसकटतात, मैत्री तुटते, ठरलेलं लग्न मोडतं आणि भावाभावांचं बिनसलं की घर फुटतं. यातली दोन क्रियापदं अदलाबदल करून बघा. “काठी फुटली” किंवा “काच फाटली” असं म्हणणाऱ्याला चार वर्षांचं पोरही हसेल. हे कुणी आपल्याला शाळेत शिकवलेलं नसतं.

मला नेहमी वाटतं, की या क्रियापदांत दुरुस्तीची सोयही बसवून ठेवलेली आहे. उसवलं म्हटलं की सुईदोऱ्याचं काम. फाटलं तर ठिगळ. तुटलं तर गाठ मारता येते. मोडलेलं हाड बसवता येतं, म्हणून तर गावोगावी हाडं बसवणारे असत. फुटलं म्हटल्यावर मात्र घरातली बाई आधी लहान पोरांना लांब करते आणि मग केरसुणी घेते. फुटलेलं जोडायचं नसतं, ते गोळा करायचं असतं. एखाद्याचं मन मोडलं तर त्याची समजूत घालता येते. मन विटलं तर वेळ जावा लागतो. “आमचं आता फाटलंय” असं कुणी म्हणालं की ऐकणारा मध्ये पडावं का, याचा मनातल्या मनात अंदाज घेतो. आपल्याकडे मोडतोडीचं क्रियापद निवडणं म्हणजे निम्मा पंचनामा असतो.

मीरा रोडला लागून असलेल्या भाईंदरला राहणाऱ्याला हा पंचनामा शिकायला लांब जावं लागत नाही. हे गाव मिठाचं आणि पोलादाचं. राई, मुर्धे, मोर्वा या बाजूची जुनी माणसं अजून मिठागरांच्या हिशेबानं वर्षाचं गणित सांगतात. भरतीचं पाणी बांधाआड घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत उन्हात आटवायचं आणि ते पुरेसं दाट झालं की तळाशी मीठ धरू लागतं. पहिल्यांदा पाण्यावर साय यावी तसा पापुद्रा येतो. बोट लावलं की मोडतो. मग खाली खडे वाढतात. असा एक जाडा खडा उचलून दगडावर ठेवावा आणि हलकेच ठोकावा. त्याचा भुगा होत नाही. तो सरळ, गुळगुळीत अंगानं दुभंगतो. तुकड्यांचे कोपरेही काटकोनी निघतात. पुन्हा ठोका, पुन्हा तेच. खडा चिमटीत मावेल इतका बारीक झाला तरी चौकोनीपणा सोडत नाही.

याचं कारण मिठाच्या आतल्या रचनेत आहे. सोडियमचे आणि क्लोरीनचे कण त्यात एकाआड एक बसलेले असतात, विरुद्ध विद्युतभार शेजारी शेजारी, म्हणून घट्ट. घाव बसून एक थर दुसऱ्यावरून एक घर सरकला की सारखे भार समोरासमोर येतात आणि एकमेकांना ढकलून देतात. खडा त्या रेषेवर सुटतो. कालपर्यंतचा शेजार अशा एका घरानं बिघडतो. मिठाला वाकणं माहीतच नाही.

आता रेल्वेरुळांच्या पूर्वेला या. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी बनतात. दारातून जाताना आतल्या यंत्रांचा दणका आणि पॉलिशच्या चाकाची घरघर रस्त्यावर येते. गोल कापलेला सपाट पत्रा साच्यावर ठेवायचा, वरून दाब द्यायचा आणि पत्र्याचं पातेलं होऊन बाहेर येतं. पत्रा मोडत नाही, कारण धातूतले कण मिठासारखे हट्टी नसतात. थर सरकला तरी शेजाऱ्याशी त्यांचं जमतं. दाब जास्त झाला तरच पत्रा फाटतो, आणि फाटतो हेच त्याचं क्रियापद. एकदा पातेलं झालं की मग ते पिढ्यान् पिढ्या टिकतं. हातातून पडलं तर जास्तीत जास्त पोचा येतो. स्वयंपाकघरात पोचे आलेलं पातेलं बाद होत नाही. ते दूध तापवायच्या पातेल्यावरून कणीक भिजवायच्या पातेल्याच्या हुद्द्यावर जातं आणि तिथून कुंडीखाली.

आपल्याकडे भाषणात टाळ्या घेणारं एक वाक्य आहे, मोडेन पण वाकणार नाही. मिठाच्या खड्यानं हे म्हणावं. माणसानं क्वचित प्रसंगी म्हणावं. पण इमारतीच्या तुळईनं हे कधीही म्हणू नये. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. ताणाला ते मिठाच्याच वंशाचं. म्हणून त्याच्या पोटात पोलादी सळया घालतात आणि त्या हिशेबानं घालतात, की भार अति झाला तर आधी सळई ताणली जावी, तुळई वाकलेली दिसावी, चिरा पडाव्यात आणि आतल्या माणसांना बाहेर पडायला वेळ मिळावा. इंजिनिअर मंडळींचं सगळं कसब या एका गोष्टीत आहे. घरानं मोडण्याआधी वाकून सांगावं.

काच असं काही सांगत नाही. 1921 साली ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं काचेचा अभ्यास करून दाखवून दिलं, की काच मुळात जेवढी बळकट असायला हवी त्यापेक्षा फारच कमी ताणात फुटते. दोष असतो तिच्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरांचा. सगळा ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो आणि चीर धावत सुटते. आपल्या कासारांना हे ग्रिफिथच्या आधीपासून ठाऊक होतं. फिरोजाबादहून आलेल्या बांगड्यांची माळ कासार बोटांवरून खळकन फिरवतो आणि एखादीवर थबकतो. बाकीच्या खणखणतात, ती बद्द वाजते. दिसायला धड, पण पिचलेली. ती बाजूला निघते. लग्नघरी चुडा भरायला बसलेल्या पोरीच्या हातात पिचलेली बांगडी चढवायची नसते.

तरी चढवताना एखादी फुटतेच. कासार हात चेपून, अंगठा आत दुमडून, तिला बोलण्यात गुंतवून हिरवी बांगडी सरकवत असतो आणि कट्कन आवाज होतो. त्या क्षणी खोलीतली एकही बाई “फुटली” म्हणत नाही. “वाढली” म्हणते. मंगळसूत्राचा दोरा तुटला तर तेही वाढतं. देवापुढचा नारळ आपण वाढवतो. देवापुढचा दिवाही फुंकायचा नसतो, त्याला निरोप द्यायचा असतो. जे संपलं त्याला वाढलं म्हणायचं, असा भाषेनं केलेला हा लाघवी खोटेपणा आहे. आजी तुकडे पदरात गोळा करायची आणि तेवढ्यात दुसरी बांगडी चढलेली असायची. अशुभ बोलायचं नाही, म्हणजे ते घडलंच नाही. लहानपणी मला हा जादूचा प्रयोग वाटायचा.

पुढे कळलं, की ही माया सगळ्यांसाठी नव्हती. नवरा गेला की त्याच हातातल्या बांगड्या वाढत नसत, फोडल्या जात. मंगळसूत्र वाढत नसे, तोडलं जाई. सौभाग्यवतीच्या अपघाताला मऊ शब्द होता, विधवेच्या दुःखाला दगड. 2022 सालच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की आमच्या गावात यापुढे कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं हे काही होणार नाही. राज्य सरकारनंही त्याच महिन्यात इतर गावांनी हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. मला त्या ठरावाची भाषा आवडली. तिच्यात एकही क्रियापद सौम्य केलेलं नव्हतं. जे होत होतं ते होतं तसं लिहिलं होतं, म्हणून ते बंद करता येणार होतं.

मोडण्याचा मान राखणारी एक जागा घरातच आहे, स्वयंपाकघर. दिवाळीच्या आधी चकलीची पहिली खेप तळून निघाली की आई एक उचलून दोन बोटांत दाबायची. कट्कन मोडली तर चेहरा खुलायचा, वाकली तर काहीतरी चुकलं असा निकाल. करंजी खुसखुशीत हवी, शंकरपाळा दातांखाली विरायला हवा, पापड कुरकुरीत हवा. इथे न मोडणं हा दोष आणि त्याला शिवी वातड. शेंगदाण्याची चिक्की करताना पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बघतात. तो ताणला गेला तर पाक अजून कच्चा, काचेसारखा कडक होऊन मोडला की झाला. इंग्रजीत याच चिक्कीला ‘पीनट ब्रिटल’ म्हणतात. म्हणजे तिकडेही हाडांना लावलेला शब्द ताटात आला की गोड होतो.

आणि फुटणं तरी कुठे नेहमी वाईट असतं? तांबडं फुटतं, झाडाला पालवी फुटते, बाळाला बोल फुटतात, पोराला मिसरूड फुटतं, गाईला पान्हा फुटतो. दाबलेल्या माणसाला एक दिवस वाचा फुटते. आतून येणारं काही बाहेर पडायचं तर वरचं कवच फुटावंच लागतं. बाहेरून आलेल्या घावानं जे फुटतं ते वेगळं. दोन्हींना आपण एकच क्रियापद ठेवलं आहे आणि कुठलं कुठे लागू पडतं ते ऐकणाऱ्यावर सोपवलं आहे.

2025 सालच्या जून-जुलैमध्ये या शहरावर असा एक घाव बसला. मराठी बोलण्यावरून एका दुकानात वाद झाला, मारहाण झाली. आधी व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, मग मराठी माणसांचा. टीव्हीवाल्यांच्या गाड्या मीरा रोडला ठाण मांडून बसल्या आणि देशभर हे नाव भांडणाचं गाव म्हणून गाजलं. त्या आठवड्यात मी लिफ्टमधलं बोलणं ऐकत होतो. आमच्या मजल्यावर मारवाडी आहेत, गुजराती आहेत, खालच्या मजल्यावर उत्तर प्रदेशातलं कुटुंब, वर उत्तनचे ख्रिस्ती कोळी, ज्यांच्या मराठीला खाऱ्या वाऱ्याचा स्वाद आहे. सगळे नेहमीपेक्षा हळू आणि नेहमीपेक्षा सभ्य बोलत होते. सभ्यता वाढली की समजावं, काहीतरी पिचलंय. इथे राहायचं तर इथली भाषा शिकावी, ही मागणी रास्तच आहे आणि ती मी माझ्या शेजाऱ्यांशी मराठीतच बोलून रोज करतो. पण तुटेपर्यंत ताणू नये, हेही मराठीनंच शिकवलंय. गणपतीत खालच्या मजल्यावरची वहिनी मोदकांना कळ्या पाडायला शिकली. तिच्या पहिल्या मोदकाची पाकळी फाटली तेव्हा ती “फुट गया” म्हणाली. माझी बायको म्हणाली, “फुटला नाही, फाटला. थोडं पाणी लाव, सांधतो.” शिकवणी तिथूनच सुरू झाली आणि अजून चालू आहे.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण मात्र माझ्या खिडकीतून दिसतं. मीरा-भाईंदरची लोकसंख्या 2001च्या जनगणनेत पाच लाखांवर होती, 2011च्या जनगणनेत ती आठ लाखांवर गेली. या माणसांना सामावून घ्यायला ज्या इमारती घाईघाईनं उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरी आता तीस वर्षांच्या पुढे आहेत. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे मिठागरं. हवेतच मीठ आहे. ते ओलीबरोबर प्लास्टरमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं. काँक्रीटनं सळईला दिलेलं संरक्षण मोडतं. सळई गंजू लागते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, दुपटीपासून थेट सहापटीपर्यंत. ती जागा तो काँक्रीट फोडूनच घेतो. आधी सळईच्या रेषेत केसासारखी चीर, मग तपकिरी डाग, मग वरचं काँक्रीट सुटून खाली. ज्या मिठानं आणि पोलादानं हे गाव वसवलं, तीच दोघं आमच्या भिंतींच्या आत एकमेकांशी भांडत असतात.

आणि इथे आमची वाढली म्हणायची सवय जागी होते. सोसायटीच्या सभेत कुणीही “खांब फुटलाय” म्हणत नाही. जरा पोपडे आलेत. थोडी ओल आहे. पावसाळ्यानंतर पॅचवर्क करून घेऊ. रंग लावला की दिसणार नाही. कारण फुटलाय म्हटलं की खर्च आला, पालिकेची नोटीस आली, फ्लॅटचा भाव उतरला, मुलीचं ठरत असलेलं लग्न भाड्याच्या घरातून करायची वेळ आली. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, ती माझ्याही घरात आहे. पण 2025च्या ऑगस्टमध्ये खाडीपलीकडे विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि 17 माणसं गेली. ती इमारत तीस वर्षांची झालीसुद्धा नव्हती.

तीस वर्षांवरच्या इमारतींचं संरचनात्मक परीक्षण, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तुमच्या इमारतीचं झालंय का, ते येत्या सभेत विचारा. अहवाल इंग्रजीत असेल तर त्यातलं कलम न् कलम मराठीत वाचून दाखवायला सांगा. आणि जिन्याखालच्या खांबावर चीर दिसली, तर तिला तिच्या खऱ्या क्रियापदानं हाक मारा. बांगडी वाढू द्या. खांब फुटला असेल तर फुटला म्हणा.